वाचकांचे प्रश्न : ऐन सणात आलेले मरण

या अंकात नेहमीसारखे वेगवेगळे विषय न घेता एकाच विषयावरची सहा पत्रे घेतली आहेत. लहान गावात घरे नात्याने जेवढी बांधलेली असतात, त्याहून अधिक रोजच्या उसनवारीने आणि हाकेने बांधलेली असतात. अशा गावात ऐन सणात किंवा सुटीत कुणी अचानक गेले, तर मागे राहिलेल्यांनी वागायचे कसे, हाच सर्व पत्रांचा प्रश्न आहे. मूळ पत्रे लांब होती. ती थोडक्यात देत आहे, आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : सणाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या शेजारचा २२ वर्षांचा मुलगा चौकात रोषणाईच्या माळा लावत होता. मी ओट्यावरून त्याला म्हणालो, "शिडी काढलीच आहेस, तर आमच्या पत्र्यावरही एक माळ सोड." तो "हो काका" म्हणाला, शिडी घेऊन आमच्या दाराशी आला आणि पत्र्याला हात लावताच चिकटला. दुपारी पावसाची सर येऊन गेली होती. मेन स्विच बंद होईपर्यंत दोन-तीन मिनिटे गेली, आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच सारे संपले. त्याचे आईवडील मला एका शब्दाने बोललेले नाहीत, आणि तेच मला सहन होत नाही. चार महिने झाले, मी शेताला लांबच्या वाटेने जातो. शिडी त्यांच्या घरची, ती अजून माझ्याच भिंतीला टेकलेली आहे. मी काय करावे?

उत्तर : काका, तुमच्या मूळ पत्रात "एक माळ सोड" हे वाक्य चार वेळा आले आहे, पण वायरीचा उल्लेख एकदाही नाही. स्वतःविरुद्ध तुम्ही जो खटला चालवला आहे, त्यात वायरीची साक्षच घेतलेली नाही, म्हणून आधी तिच्याविषयी बोलू. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ४० वॅटचा साधा दिवा जेवढा प्रवाह घेतो, त्याच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे सुमारे ३० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला, तरी हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहू शकते. त्याहूनही कमी प्रवाहाने हाताचे स्नायू असे आवळले जातात की पकड सोडवता येत नाही. आपण "चिकटला" म्हणतो ते हेच. कोरडी कातडी विजेला पुष्कळ अडवते, ओली फारशी अडवत नाही. घरातला ६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, अशा वेळी पडत नाही, कारण तो याच्या दोनशेपट प्रवाहाच्या हिशेबाने बसवलेला असतो. माणसाला वाचवते ते आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण: ते जाणारा आणि परत येणारा प्रवाह ताडून पाहते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच पुरवठा तोडते. तुमच्या पत्र्यात वीज उतरली ती कुठल्यातरी सोललेल्या वायरीतून किंवा उघड्या जोडातून उतरली असणार, आणि ती वेळेवर तोडणारे काही त्या जोडणीवर नव्हते.

दुसरी गोष्ट मनाच्या खोडीची आहे. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रयोगांतून दाखवून दिले की, घटनेचा शेवट एकदा कळला की तो आपल्याला आधीपासून दिसत होता असे माणसाला वाटू लागते, आणि आपली समजूत मागाहून बदलली आहे याचा त्याला पत्ताही लागत नाही. त्या संध्याकाळी तुम्हाला जे ठाऊक होते तेवढ्यावरच तुमचा न्याय व्हायला हवा: दिवे लागायची वेळ, शिडी हाताशी असलेला शेजारचा पोरगा, आणि कुणीही कुणालाही सांगावे असे एक काम.

तुमचा या मृत्यूशी काहीच संबंध नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. म्हटले तरी तुमचा त्यावर विश्वास बसायचा नाही. संबंध आहे. त्याचे शेवटचे शब्द तुम्ही ऐकले आहेत, आणि ते त्याच्या आईवडिलांपाशी नाहीत. म्हणून त्यांच्याकडे जा. गर्दीच्या दिवशी नको, एखाद्या साध्या दुपारी जा, आणि पहिल्या वेळी शिडी नेऊ नका. "मला माफ करा" असे म्हणू नका, कारण त्या शब्दांबरोबर तुमचे ओझे त्यांच्या हातात जाते आणि ज्यांचा मुलगा गेला त्यांच्यावरच तुम्हाला धीर देण्याची पाळी येते. जे घडले ते घडले तसे सांगा: मी त्याला माळ लावायला सांगितली, तो "हो काका" म्हणाला, त्यानंतर मला तुमच्यासमोर यायचा धीर झाला नाही. मग बसून राहा. ते रागाने बोलले तर ऐकून घ्या आणि उलट खुलासा करू नका. त्यांचे गप्प राहणे हा आरोपच आहे, असे तुम्ही चार महिने धरून चालला आहात. पण मुलगा ज्याच्या दारात गेला तो शेजारी लांबच्या वाटेने जातो, हे त्यांना त्यांच्या ओट्यावरून कसे दिसत असेल, याचाही विचार करा.

शिडीचे काय करायचे ते काही दिवसांनी त्याच्या वडिलांनाच विचारा. त्यांना ती नकोही असेल. आणि पुढच्या वर्षी चौकातल्या जोडणीवर आरसीसीबी बसल्याशिवाय एकही माळ लागणार नाही, हे गावात सर्वांआधी तुम्ही बोला. ते दुसऱ्या कुणी बोलण्यापेक्षा तुम्ही बोललेले गाव अधिक ऐकेल.

प्रश्न : सणाला पाच दिवस उरले असताना गाडी उलटून आमच्या गावातले तिघे गेले आणि चौघे मुलगे जखमी झाले. मंडळाने कार्यक्रम रद्द केला आणि जमलेली वर्गणी तिन्ही घरांत वाटून दिली. आता जखमींच्या घरचे लोक नाराज आहेत, कार्यक्रम लहान का होईना करायला हवा होता असे काही म्हणतात, आणि गावातली पोरे संध्याकाळी खेळायलाही बाहेर पडत नाहीत. आमचे काय चुकले?

उत्तर : कार्यक्रम रद्द केला यावर आता काथ्याकूट करू नका. तीन चिता विझल्या न विझल्या तोच घेतलेला निर्णय होता, आणि त्याहून शहाणा निर्णय त्या पाच दिवसांत कुणाला सुचला असता असे मला वाटत नाही. तुमच्या पत्रातली मला खरी काळजी वाटली ती शेवटच्या ओळीची.

वेल्समधील ॲबरफॅन या खाणकामगारांच्या गावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास डोंगरउतारावर रचलेला कोळसाखाणीचा टाकाऊ ढीग घसरला आणि शाळेवर आला. सत्राच्या मधली सुटी लागण्याआधीचा तो शाळेचा शेवटचा दिवस होता. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले होती. मदतीचा ओघ लागला, साडेसतरा लाख पौंड जमले, आणि त्या पैशाच्या वाटपावरून, म्हणजे कुणाचे दुःख किती आणि कुणाला किती यावरून, एकमेकांचे अश्रू पुसणाऱ्या त्याच गावात कटुता आली. ढिगाऱ्यातून वाचलेल्या मुलांनी मोठेपणी सांगितले आहे की ती रस्त्यावर खेळत नसत; ज्यांची मुले गेली ते आईबाप आपल्याला पाहतील आणि त्यांना आपल्या लेकराची आठवण येईल, याची त्यांना भीती वाटे. आपण वाचलो हाच आपला अपराध, असे दहा वर्षांच्या पोरांना वाटत होते आणि मोठ्यांपैकी फारसे कुणी त्यांच्याशी त्याविषयी बोलले नव्हते.

याच गावाची आणखी एक नोंद आहे. पुढच्या पाच वर्षांत तिथला जन्मदर वाढला, आणि विल्यम्स व पार्क्स या संशोधकांनी १९७५ साली दाखवले की वाढलेल्या जन्मांपैकी बहुतेक जन्म मूल न गमावलेल्या घरांत झाले होते. गावाचे दुःख ज्या घरात माणूस गेले त्याच घरात मावत नाही, आणि जगण्याकडे परत येण्याचे कामही ते घर एकटे करत नाही.

म्हणून तुमच्या पोरांना खेळायची मोकळीक कुणीतरी उघडपणे द्यावी लागेल. तिघांपैकी एखाद्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे हळूच विचारा; "पोरांनो, खेळा रे, आम्हाला बरे वाटते," एवढे शब्द त्यांच्या तोंडून आले तर मैदान भरेल. त्यांना ते जमणार नसेल तर आग्रह धरू नका, मग शिक्षकांनी बोलावे. पैशाबाबत माझे मत स्पष्ट आहे: जखमींच्या औषधपाण्याचा विचार तेव्हाच व्हायला हवा होता. तो राहून गेला हे मंडळाने चारचौघांत कबूल करावे, हिशेब वाचून दाखवावा आणि जखमींसाठी नव्याने वर्गणी काढावी. तिन्ही घरांना दिलेल्या पैशाला मात्र आता हात लावू नये.

आणि आजवर न दिलेले एक देणे बाकी आहे. पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरलेले असते, तिसऱ्या आठवड्यात दारात चपला दिसेनाशा होतात, आणि पिकाला पाणी देणे, धारा काढणे, मृत्यूचा दाखला, विम्याचे कागद ही सारी कामे नेमकी तेव्हा उभी राहतात. मंडळात पोरे आहेत, वही आहे, वर्गणीसाठी घरे वाटून घ्यायची सवय आहे. तशीच ही कामे वाटून घ्या.

प्रश्न : अपघाताच्या जागी कुणीतरी चित्रीकरण केले आणि ते गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरले. गेलेल्या मुलाच्या धाकट्या बहिणीने ते पाहिले. आता काय करता येईल?

उत्तर : गटाच्या प्रमुखाने ते सर्वांसाठी काढून टाकावे, आणि ज्यांनी आपल्या फोनमध्ये उतरवून घेतले असेल त्यांना एकेकाला भेटून पुसायला लावावे, गटावर सूचना टाकून हे होत नाही. मुलीला "विसरून जा" म्हणू नका. तिने काय पाहिले ते तिच्या शब्दांत एका विश्वासाच्या माणसाला सांगू द्या, पण खोदून विचारू नका. महिन्यानंतरही तेच दृश्य जागेपणी डोळ्यांसमोर येत असेल, झोप उडाली असेल किंवा ती त्या रस्त्याने जायचे टाळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला हवे. ज्याने ते चित्रीकरण केले, त्याचे हात त्या वेळी मदतीला मोकळे होते, एवढे त्याला कुणीतरी सांगावे.

प्रश्न : मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. सुटीत माझा एक विद्यार्थी शेततळ्यात बुडाला. शाळा उघडल्यावर मुले विचारतात, "बाई, तो कधी येणार?" त्याच्या घरच्यांनी "देवाघरी गेला" असे सांगितले आहे. एका मुलीने विचारले की तिथून येणारी गाडी कोणती. मी काय सांगू?

उत्तर : बाई, त्या मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. मोठी माणसे गावाला जातात आणि परत येतात, हे तिने पाहिलेले आहे. मारिया नाज यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या, बुडापेस्टमधील मुलांच्या अभ्यासात असे आढळले होते की पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू हा प्रवासासारखा किंवा झोपेसारखा, परतीचा वाटतो. त्यापुढची मुले त्याला एखाद्या व्यक्तीचे रूप देतात, जी येऊन माणसाला नेते. तुमच्या वर्गातली मुले वयाने या दुसऱ्या गटातली आहेत, पण काहींच्या मनात पहिली समजूतही अजून रेंगाळत असेल. घरच्यांची श्रद्धा खोडू नका, पण तिच्या शेजारी साधा शब्द ठेवा: तो मेला आहे, मेल्यावर शरीर श्वास घेत नाही, त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि मेलेले माणूस परत येत नाही. "झोपला" हा शब्द तर अजिबात वापरू नका. त्या शब्दाने मुले रात्री झोपायला घाबरतात.

हेच सगळे मुले आठवडाभराने पुन्हा विचारतील, आणि उत्तर मिळताच मधल्या सुटीसाठी पळतील. तो निगरगट्टपणा नव्हे. मुलांचे दुःख डबक्यासारखे असते, त्यात पाय बुडतो आणि पुढच्या पावलाला बाहेर येतो. त्याची बसायची जागा एका रात्रीत हलवू नका. ती किती दिवस तशी ठेवायची आणि मग तिथे कुणी बसायचे, हे वर्गालाच ठरवू द्या. भांडणात "मर तू" म्हणालेला एखादा मित्र वर्गात आहे का, हे पाहा. या वयात आपल्या बोलण्याने माणूस मरतो असे मुलांना खरेच वाटू शकते, आणि ते मूल आपणहून सांगायला येणार नाही.

शेततळ्याबद्दलही मुलांशी बोला, कारण सुटी पुन्हा येणार आहे. तळाला आणि उताराला प्लॅस्टिकचे अस्तर असल्यामुळे पाय टिकत नाही. पोहता येणारा माणूसही उतारावरून वर चढू शकत नाही. बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, कारण त्याचे तोंड श्वास घेण्यापुरतेही पाण्यावर राहत नाही, त्यामुळे दहा पावलांवरच्या माणसालाही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी तिशीच्या आतली होती. काठाला पक्का बांधलेला, पाण्यापर्यंत पोहोचणारा गाठींचा दोर, हवा भरलेली ट्यूब आणि तळ्याभोवती कुंपण, एवढे तरी गावातल्या प्रत्येक शेततळ्याला हवे. मित्र पाण्यात पडला तर आपण उडी घ्यायची नाही, दोर किंवा ट्यूब फेकायची आणि मोठ्याने ओरडायचे, हे मुलांकडून करून घ्या. नुसते सांगून भागणार नाही.

प्रश्न : माझा भाऊ सणाच्या दिवशी हृदयविकाराने अचानक गेला. पहिल्याच रात्री आईला झोपेचे इंजेक्शन दिले, तेव्हापासून सात महिने गोळ्या चालू आहेत. ती रडत नाही, बोलत नाही, सगळे म्हणतात "शांत आहे". हे ठीक आहे का?

उत्तर : ताई, ठीक नाही. ज्यांना वेगळा मानसिक आजार नाही अशा शोकग्रस्त माणसांना बेंझोडायझेपिन गटातली झोपेची औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. आईची गोळी या गटातली आहे का, ते आधी विचारून घ्या. असेल तर ती एका दिवसात बंद करू नका. महिनोन्‌महिने घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर झोप पार उडते, हातपाय कापतात, झटकेही येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करावी लागते.

सात महिने हा आकडाही महत्त्वाचा आहे. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत लांबलेल्या शोकाचा विकार आता स्वतंत्रपणे नोंदलेला आहे: गेलेल्या माणसाची ओढ सहा महिन्यांपलीकडेही सारा दिवस व्यापून राहते आणि रोजचे जगणे अडते, तेव्हा तो शब्द वापरतात. आईचे तसे झाले आहे की ती फक्त गोळीच्या गुंगीत आहे, हे गोळी उतरल्याशिवाय कळणार नाही. उतरल्यावर ती कदाचित रडेल, आणि शेजारच्या बायका म्हणतील की बरी होती ती बिघडली. तेव्हा तुम्ही घाबरू नका.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा गेल्या वर्षी सणाच्या पहाटे दुचाकीवरून बहिणीला आणायला निघाला आणि वाटेतच गेला. सण पुन्हा आला आहे. गाव म्हणते, या वर्षी तुम्ही काही करू नका, आम्ही तुमच्या दारासमोर गडबड करणार नाही. मुलगी म्हणते, मी येतच नाही. परवा तिची लहान मुलगी काहीतरी बोबडे बोलली आणि मला हसू आले. मग रात्रभर मी स्वतःला शिव्या दिल्या. त्याचा सणासाठी घेतलेला नवा शर्ट घडीसकट कपाटात आहे. त्याचे काय करू, तेही कळत नाही.

उत्तर : माई, तुमच्यावर हा दिवस एकदा नाही, दोनदा येणार आहे, हे बहुधा कुणी तुम्हाला सांगितलेले नसेल. सण तिथीने येतो आणि अपघाताची तारीख इंग्रजी महिन्याची असते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे सण साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि अधिक महिना आला तर एकोणीस-वीस दिवस पुढे जातो. म्हणजे एक दिवस निभावून नेला असे वाटते न वाटते तोच दुसरा उभा राहतो. दोन्ही दिवस आत्ताच कॅलेंडरवर पाहून ठेवा आणि दोन्ही दिवशी पहाटे तुमच्याजवळ कोण असेल ते ठरवून ठेवा. वर्षदिनाच्या आदले काही दिवस त्या दिवसापेक्षाही जड जातात, हे बहुतेक शोकग्रस्त माणसे सांगतात.

हसण्याबद्दल मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ साली जे मांडले ते मला पटते. त्यांच्या मते, दुःखात असलेला माणूस दोन कामांमध्ये हेलकावत असतो: कधी तो गेलेल्याकडे तोंड करून बसतो, कधी उरलेल्या जगण्याकडे वळतो, आणि या जाण्यायेण्यातच माणूस सावरत जातो. नात बोबडे बोलली तेव्हा तुम्ही दुसऱ्या बाजूला गेला होतात, इतकेच. मुलाकडे पाठ फिरवली नव्हती. पुरावा हवा असेल तर ती सारी रात्र आहे.

गावाने मायेनेच सांगितले आहे, पण तुम्हाला विचारून सांगितलेले नाही. दारासमोरची शांतता तुम्हाला हवी आहे का? हवी असेल तर घ्या. नको असेल तर शेजारणीला सांगा की पोरांना इकडून जाऊ दे, आणि जाताना कुणी त्याचे नाव घेतले तर मला वाईट वाटणार नाही. वर्षभरात लोक त्याचे नाव तुमच्यासमोर घ्यायचे टाळत आले असतील. तुम्ही दार उघडल्याशिवाय ते घेणार नाहीत. सण करायचा की नाही, हे सारेच एकदम ठरवायचे कारण नाही. एक दिवा लावायचा आणि बाकी काही नाही, असेही चालते. सकाळी करावेसे वाटले आणि दुपारी नको झाले, तर दुपारी दार लावून घेतलेले चालते.

मुलीला मात्र तुम्ही स्वतः फोन करा. तो तिलाच आणायला निघाला होता, आणि "मी येतच नाही" यामागे ती काय उचलून बसली आहे, ते तुम्हाला कळेलच. त्याच रस्त्याने एकटीने यायचे तिच्या जिवावर येईल. कुणीतरी तिला आणायला जावे, दिवसाउजेडी आणि चारचाकीने. नाहीतर या वर्षी तुम्हीच तिच्याकडे जावे.

शर्टाचे या वर्षी काहीच करायचे नाही. तो दुसऱ्या मुलाला देऊन टाका असे सांगणारे भेटतील, आणि तो ठेवणे अशुभ आहे असे म्हणणारेही भेटतील. दोघांनाही होकार-नकार न देता ऐकून घ्या. कपाट उघडावेसे वाटेल तेव्हा उघडा. फक्त त्याच्या घडीला लावलेल्या टाचण्या एकदा काढून घ्या, पावसाळ्यात त्या गंजतात आणि कापडावर पडलेला गंजाचा डाग पुढे धुऊन निघत नाही.